लाइन बंद आहे

मी निलंग्याला गेले ती दादांची मोटारसायकल हिसकावून आणायला. समजूत घालायला नाही. समजूत फोनवर घालून झाली होती, भांडूनही झालं होतं आणि एकदा तर मी रडलेसुद्धा होते. त्या रडण्याचा मला अजून राग येतो. गाडी ताब्यात घ्यायची, लातूरपर्यंत चालवत न्यायची, मावसबहिणीच्या दारात लावायची आणि नांदेडची बस धरायची, एवढं ठरवून मी सकाळी एसटीतून उतरले. पिशवीत दादांसाठी फळं नव्हती की फरसाण नव्हतं. हेल्मेट होतं आणि कामावरचा मल्टिमीटर होता, कारण दादांच्या कुठल्याही वस्तूवर माझा भरवसा उरला नव्हता.

दादा म्हणजे माझे वडील. उभा जन्म लाइनमन म्हणून खांबावर काढलेला माणूस. आई गेल्यापासून एकटेच राहतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की फोन ठेवून देतात. मध्यंतरी त्यांनी गाडी सरळ समोरच्या किराणा दुकानाच्या पायऱ्यांवर घातली. तेलाचे डबे गडगडत रस्त्यावर गेले. पायरीवर एक बाई तिच्या लेकराला बिस्किटाचा पुडा घेऊन देत होती. तिने लेकरू मागे ओढलं म्हणून ते वाचलं. दुकानाच्या मालकांनी, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मला फोन करून हे सगळं सांगितलं. दादांना विचारलं तर म्हणाले, अप्पानं पायरी म्होरं घेतलीया.

लोकांना वाटेल, मुलीला बापाची काळजी. काळजी थोडी होती. संताप जास्त होता. आयुष्यभर या माणसाने स्वतःचंच खरं केलं आणि त्यापायी आम्ही सगळे बेजार झालो. आता त्यापायी दुसऱ्याचं मूल जाणार असेल तर मी गप्प बसणार नव्हते.

दादा दारापुढच्या बाजेवर बसले होते. मला पाहून त्यांनी पाय खाली सोडले नाहीत की सरकून जागा दिली नाही.

"कशाला आलीस?"

"गाडी न्यायला."

"ने की," असं म्हणून त्यांनी बनियनच्या खिशातून चावी काढली आणि माझ्या पायापाशी टाकली.

मी भांडणाची एवढी तयारी करून आले होते की त्या 'ने की'ने मी गडबडलेच. चावी उचलली, गाडीवर बसले, बटण दाबलं. इंजिन फिरलं पण धरेना. हॉर्न वाजत होता, दिवा लागत होता, सेल्फ फिरत होता, गाडी मात्र सुरू होत नव्हती. उतरून किक मारली. पुन्हा मारली. पोटरी भरून येईपर्यंत मारली. दादा मिशीवरून हात फिरवत बघत राहिले, तेव्हा मला 'ने की'चा अर्थ कळला.

"काय झालंय हिला?"

"मला काय इचारतीस? कॉलेजात तू हायीस."

नांदेडला एका कॉलेजात विजेच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. दादांच्या तोंडी 'कॉलेज' हा शब्द नेहमी टोमणा म्हणूनच येतो. खरं तर वायर सोलायला मला कॉलेजने शिकवलं नाही, त्यांनीच शिकवलं. लहानपणी टॉर्च मीच धरायचे, पकड मीच द्यायचे, आणि पकडीऐवजी पाना दिला की डोक्यात टपली मीच खायचे. पण हे त्यांनी चार माणसांत कधी कबूल केलं नाही.

समोर अप्पा दुकानाच्या गल्ल्यावर बसून सगळं पाहत होते. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, हातात पेपर, पण नजर आमच्या दारात.

"ताई, गाडी बंदच हाय का?" त्यांनी तिथूनच विचारलं. "मी म्हणलं साहेब आजकाल चालतच जायलेत. इचारलं तर म्हणले, डाक्टरनं चालाया सांगितलंय."

"तुमी तुमची साखर तोला," दादा त्यांच्यावर खेकसले.

मी ओढणी कमरेला खोचली. हट्टाला मीही काही कमी नाही. गाडी सुरू होत नाही म्हणून हात हलवत परत जायचं आणि उद्या कुणीतरी ती यांना दुरुस्त करून द्यायची, हे मला होऊ द्यायचं नव्हतं. हत्यारांची पेटी आतून मागितली तर म्हणाले, जागेवर हाय. आतल्या खोलीत जागेवर नव्हती. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी सापडली. मी ती आणून मुद्दाम आवाज करून आपटली.

आधी प्लग काढला, टोपीत बसवून इंजिनला टेकवला आणि सेल्फ मारला. तिथे कडक निळी ठिणगी पडायला हवी. काहीच पडलं नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हता, करंटच प्लगपर्यंत येत नव्हता. प्लग जुना असेल म्हणून अप्पांकडे गेले. त्यांच्याकडेही तसलीच गाडी आहे, तिचा प्लग घटकाभर मागितला. अप्पा गल्ला सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"प्लग काढा की, काढा. तेवढं टाकीखाली हात घालू नका."

"टाकीखाली काय ठेवलंय, सोनं?"

"तसं न्हाई हो ताई. उगं आपलं."

किती कद्रू माणूस, असं वाटलं. एका प्लगसाठी पहारा. त्यांचा प्लग लावूनही आमच्या गाडीत ठिणगी पडली नाही.

मग सीट काढायला घेतलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकाही स्क्रूचं डोकं धड नव्हतं. कुणीतरी पेचकस नीट न बसवता दामटून फिरवला होता, खाचा पार सोलून निघाल्या होत्या.

"हे कुणी केलं? कोणत्या मेकॅनिकला दिली होती?"

"मेकॅनिकला कशाला दिऊ? मला काय हात न्हाईत?"

"हातांचं दिसतंय मला."

"लई बोलतीस. पान्हा उलटा धरलाय आदी त्यो सरळ कर."

पाना उलटाच धरला होता. तो सरळ करताना मला इतकी चीड आली की बोट चेचलं. दादा "रगत पुस, वायरीला लागतंय" एवढंच म्हणाले.

ऊन चढलं तसं भांडणही चढलं. मी कॉइल तपासली. मीटर लावला, ठीक होती. मॅग्नेटकडून येणारी वायर तपासली, तीही ठीक. ठिणगी सोडणारी ती काळी डबी, तिला सीडीआय म्हणतात, अप्पांच्या गाडीची आणून लावली. अप्पा पुन्हा माझ्या मागे, पुन्हा 'टाकीखाली हात नको'. डबी बदलूनही फरक शून्य. प्रत्येक वेळी दादा बाजेवरून काहीतरी फेकायचे. "आदी अर्थ बघ," म्हणजे अर्थिंगचा जोड. बघितला म्हटलं की, "बघितला म्हंजी डोळ्यानं न्हाई, खरवडून." खरवडला म्हटलं की, "कॉलेजात हेच शिकवतेत का?" आणि त्रास असा की त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर असायचं. चुकीचं बोलले असते तर मला तोंडावर बोलता तरी आलं असतं.

शेवटी मी सरळ विचारलं.

"दादा, हिला चोर स्विच बसवलाय का?"

चोर स्विच म्हणजे गाडीत कुठेतरी लपवलेलं बारकं बटण. ते चालू केल्याशिवाय चावी असूनही गाडी सुरू होत नाही. गाड्या चोरीला जायला लागल्या की आमच्या भागात निम्म्या गाड्यांना तो बसतो. तो कुठे आहे हे मालकाने कुणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही, आणि दुसऱ्याचा ठाऊक असला तरी तोंडातून काढायचा नाही असा रिवाज.

दादा ताठ होऊन बसले. "माझ्या गाडीला? न्हाई. असलं काई बी न्हाई हिला."

मी तो विषय तिथेच सोडला. दुसऱ्या कुणी 'नाही' म्हटलं असतं तर मी शोधलं असतं. दादांच्या 'नाही'वर शोधायची गरज नव्हती, आणि ते का, हे लाइनमनच्या घरात वाढलेल्यालाच कळेल.

त्यांच्या कामात एका शब्दावर माणसं जगतात नाहीतर मरतात. लाइन बंद आहे का, असं वरचा विचारतो आणि खालचा सांगतो, बंद आहे. त्या सांगण्यावर वरचा उघड्या तारेला हात घालतो. म्हणून दादांचा नियम होता: खांबावर चढणाऱ्याने डीपीच्या पेटीतले फ्यूज स्वतः उपसायचे, स्वतःच्या खिशात घालायचे, आणि खाली उतरेपर्यंत कुणाला द्यायचे नाहीत. साहेबाने मागितले तरी नाही. अंधारात बसलेल्या गावाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या तरी नाही. त्यांचा एक जोडीदार कुणाच्या तरी 'बंद आहे'वर विसंबून वर गेला आणि तारेलाच चिकटला. त्याला खाली दादांनी उतरवलं. त्यानंतर आमच्या घरात पंख्याच्या बटणाबद्दलही कुणाला खोटं बोलायची सोय राहिली नाही. बाकी खोटं दादा पोटभर बोलायचे, आईशी, पाहुण्यांशी, माझ्या सासरच्यांशी. करंटबद्दल कधीच नाही.

दुपार झाली. अप्पांच्या घरून भाकरी आणि उसळ आली. दादा जेवले, मी जेवले नाही. मला जेवायला कुणी म्हटलंही नाही. ते हात धुऊन पुन्हा बाजेवर येऊन बसले तेव्हा मला एक गोष्ट सुचली, जी सकाळीच सुचायला हवी होती.

गाडीत एक वायर अशी असते जी बॉडीला टेकली की ठिणगी मरते. चावी बंद केल्यावर इंजिन थांबतं ते त्या वायरीमुळेच. मी ती डबीपासून उपटली आणि सेल्फ मारला. प्लगच्या टोकाला चटकन निळी ठिणगी पडली.

"दिसली का?" दादा बाजेवरून म्हणाले. आवाज वेगळा होता. त्यांना एवढ्या लांबून ठिणगी दिसणं शक्य नव्हतं, नुसता चटचट आवाज ऐकला असेल. ते उठून उभेही राहिले होते.

आता एवढंच शोधायचं होतं की ही वायर चावी चालू असतानाही बॉडीला टेकते कुठे. उंदरानं कुरतडली असेल असं धरून मी टाकी उचलली. वायरिंगच्या जुडग्यात बोट घालत मागे मागे गेले. आणि टाकीच्या खाली, फ्रेमच्या कोपऱ्यात, एक जास्तीची वायर हाताला लागली. कंपनीची नव्हती. तिच्या शेवटाला नखाएवढं बटण होतं.

जोडावर काळी टेप होती, टेपवर मेण लावलेला दोरा होता आणि दोऱ्याला दोन गाठी होत्या. उन्हात टेपचा गोंद सुटतो म्हणून असा दोरा बांधायचा, ही दादांची स्वतःची पद्धत. आमच्या घरातला प्रत्येक जोड असाच आहे. मी कुठेही डोळे मिटून ओळखीन. टेप कोरी चकचकीत होती, तिच्यावर धूळसुद्धा बसली नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले आणि भर रस्त्यावर ओरडले.

"नाही म्हणालात! सकाळपासून मला उन्हात कुत्र्यासारखं राबवलंत आणि तोंडावर नाही म्हणालात! चोर स्विच बसवून, बंद करून ठेवून, वर मजा बघत बसलात! करंटबद्दल खोटं बोललात तुम्ही, दादा! करंटबद्दल!"

मला वाटलं, ते उलट ओरडतील. मला तेच हवं होतं. पण ते हळूहळू चालत आले, गाडीशेजारी उकिडवे बसले आणि टाकीखाली हात घातला. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून अंगठ्याने चाचपलं. दोऱ्यावरून अंगठा फिरवला, पहिली गाठ, दुसरी गाठ.

"हे कुनी केलं?"

"नाटकं नकोत. गाठ कुणाची आहे?"

"गाठ माझी हाय," ते म्हणाले. पुन्हा अंगठा फिरवला. "पर मी न्हाई केलं हे."

एव्हाना अप्पा रस्ता ओलांडून आले होते. हातातला पेपर तसाच. "साहेब," ते चाचरत म्हणाले, "माझ्या गाडीला बसवला त्याच दिवशी हिला बी बसवला की तुमी. मी टॉर्च धरून हुबा होतो. मागच्या गल्लीतून गाडी चोरीला गेली न्हाई का, त्या येळंला."

मी अप्पांकडे वळले. "मग सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"दुसऱ्याचा स्विच कसा सांगावा ताई? आन् मला वाटलं, साहेब मुद्दाम करायलेत. गाडी जाऊ नाई म्हणून."

मलाही तेच वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे, खरं तर तसंच असावं अशी माझी इच्छा होती. बाप हटवादी आहे, खोटारडा आहे, मुलीला छळतो, हे मला झेपलं असतं. त्याची मला सवय होती.

दादा अजून उकिडवेच होते. अंगठा त्या गाठीवरून जात-येत होता. गाडी बंद पडली आहे असंच ते इतके दिवस धरून चालले होते. डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून नव्हे, गाडी सुरू होत नाही म्हणून ते उन्हातून बाजारात चालत जात होते. सीटचे स्क्रू त्यांनी सोलले होते, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, एकट्याने, स्वतःच लपवलेली वायर शोधताना. पेटी पिठाच्या डब्याशेजारी ठेवूनही ती जागेवर आहे असं म्हणताना ते खोटं बोलत नव्हते. आणि कॉलेजवाली मुलगी येऊन दुरुस्त करील, मग तिच्याकडून चावी काढून घेता येईल, या आशेवर ते दिवसभर बाजेवर बसून मला टोमणे मारत होते.

मी वायर जागेवर लावली, प्लग बसवला, बटण सरकवलं आणि किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. सकाळपासून मी या आवाजाची वाट पाहत होते. आता तो मला ऐकवेना आणि मी लगेच चावी फिरवून गाडी बंद केली.

दादा गुडघ्यावर हात टेकून उठले. अप्पांकडे त्यांनी पाहिलं नाही.

"लाइन बंद हाय म्हणून सांगितलं मी तुला," ते म्हणाले.

"असू द्या दादा. स्विचच आहे तो."

"स्विच आसू न्हाई तर तार आसू. तू इचारलंस, आन् मी न्हाई म्हणलं. तुज्या जागी कुनी वर आसता तर?"

त्यांनी गाडीची चावी उपसली. माझा कुर्ता चाचपला, खिसा शोधला आणि चावी आत घालून वरून थोपटलं. लहान असताना कधी खाऊ खिशात घालतानाही त्यांनी असं थोपटलं नव्हतं.

"तुज्याच खिशात ठिव," ते म्हणाले. "मी मागितली तरी दिऊ नगंस."

मग ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. अप्पा चुकचुकत दुकानात गेले. मी गाडी घेऊन लातूरला जायला मोकळी होते. हेल्मेट बाजेवर पडलं होतं. त्या दिवशी मी गेले नाही. त्यांना एकटं सोडून जायची हिंमत झाली नाही, हे खरं कारण. नांदेडला घरी फोन करून कळवलं की येत नाही, आणि विचारणाऱ्यावर उगाच डाफरले.

सकाळी मी चहा ठेवला तेव्हा दादा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, चप्पल चढवून दारात उभे होते. पौर्णिमा होती, विहारात जायचं होतं.

"माजी चावी कुठाय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. काल काय झालं याचा मागमूस चेहऱ्यावर नव्हता.

"दादा, काल तुम्हीच..."

"काल काय? चावी दे."

मी नाही म्हटलं. मग त्यांनी उशी उलटी केली, पेटी रिकामी केली, आईच्या फोटोमागे हात घालून पाहिलं. मला चोरटी म्हणाले. बापाच्या जिवावर उठलीस म्हणाले. दारात जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले की पोरीनं माजी गाडी लुबाडली. अप्पा दुकानाचं शटर वर करत होते, त्यांनी आमच्याकडे पाठ केली. दादा पुन्हा आत आले, माझ्यासमोर हात पसरला आणि या वेळी ओरडले नाहीत. "दे गं," म्हणाले.

चहा उतू जात होता. मी एका हाताने गॅस बंद केला. दुसरा हात खिशात होता, चावीवर. मी चावी दिली नाही.